हक्क आणि हट्ट : व्हिडिओ खेळांच्या ग्राहकांच्या तक्रारींची मीमांसा

विकत घेतलेल्या व्हिडिओ खेळाने निराशा केली म्हणजे ग्राहक निर्मात्याकडे दाद मागतात. अशा ग्राहकांस हट्टी ठरविण्याची प्रवृत्ती एका बाजूस आढळते. ज्याने पैसे मोजले त्याचाच शब्द अखेरचा, असे मत दुसऱ्या बाजूस मांडले जाते. वस्तुतः हे दोन्ही पक्ष तक्रार करणाऱ्याकडे पाहतात, तक्रारीच्या विषयाकडे पाहत नाहीत.

नाटकाचे तिकीट काढणाऱ्यास जाहीर केलेला प्रयोग पूर्ण व नीट पाहावयास मिळावा, हा त्याचा हक्क होय. शोकान्त नाटक सुखान्त करावे, ही मागणी मात्र त्या तिकिटातून उत्पन्न होत नाही. व्हिडिओ खेळ ही एकाच वेळी विक्रेय वस्तू आणि कलाकृती असल्यामुळे तेथे या दोन गोष्टींची सरमिसळ सहज होते.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘सायबरपंक 2077’ हा खेळ या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याचे प्रकाशन पुन्हा लांबणीवर पडताच निर्मात्यांस जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 10 डिसेंबर रोजी खेळ बाजारात आला, तेव्हा प्लेस्टेशन 4 व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर तो वारंवार बंद पडू लागला. त्या यंत्रांवरील खेळाचे स्वरूप आधी दाखविले नाही, याबद्दल संस्थेने स्वतःच क्षमा मागितली. 17 डिसेंबर रोजी सोनीने आपल्या दुकानातून खेळ काढून घेऊन पैसे परत देण्याचे जाहीर केले. विलंबाबद्दलचा संताप हा हट्ट होता. सदोष वस्तूबद्दलची तक्रार हा हक्क होता. खेळ तोच, ग्राहकवर्गही बहुतांशी तोच. भिन्न होता तो केवळ तक्रारीचा विषय.

कॅनडातील बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट 3’ (2012) या खेळाचे उदाहरण याहून अवघड आहे. येथे खेळ सदोष नव्हता. त्याचा शेवट अनेकांस रुचला नाही. केवळ अरुचीपुरती ही तक्रार हक्काच्या कक्षेत येत नाही. तथापि, तीन खेळांच्या या मालिकेत खेळाडूने घेतलेल्या निर्णयांचे परिणाम अखेरपर्यंत पोहोचतील, अशी अपेक्षा निर्मात्यांनीच निर्माण केली होती. प्रत्यक्षातील पर्यायी शेवट मात्र एकमेकांशी फारच मिळतेजुळते निघाले. तेवढ्या अंशी ती तक्रार वचनभंगाची ठरते. जून 2012 मध्ये संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य दिला; मूळ शेवट न बदलता तो अधिक स्पष्ट केला. कलावंताचे स्वातंत्र्य आणि विक्रेत्याचे उत्तरदायित्व यांची ती तडजोड होती.

ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने हाच भेद जवळजवळ मान्य केला आहे. अंकीय सामग्री समाधानकारक दर्जाची, हेतूस उपयुक्त आणि वर्णनाप्रमाणे असावी, असे तो सांगतो. ती ग्राहकास आवडावी, असे सांगत नाही.

तक्रारीची रीत हा यापुढील स्वतंत्र प्रश्न होय. शिवीगाळ व धमक्या न्याय्य तक्रारीसही शोभत नाहीत. शिवाय त्यांचा मारा पुष्कळदा प्रकाशनाची तारीख ठरविण्याचा अधिकार नसलेल्या कामगारांवरच होतो. परंतु काहींनी मर्यादा सोडली म्हणून इतरांची मागणी खोटी ठरत नाही. काय कबूल केले होते आणि काय हाती पडले, हाच कोणत्याही तक्रारीचा पहिला प्रश्न होय.