भाग १४ : चौरंग का डुगडुगतो

ब्रेकचा भाग आज नाही. पॅड, नळ्या, मास्टर सिलिंडर, सगळं पुढच्या शनिवारवर ढकललंय. इचलकरंजीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

त्यांनीही आपल्यासारखीच जुनी मारुती आठशे सोलून काढलीय. मागची सीट, दारांची आतली पॅनेलं, गालिचा, तळाचे डांबरी पॅड, सगळं बाहेर. पुढे आट्यांवर वरखाली होणारे स्प्रिंग बसवलेत. तक्रार अशी की उजव्या वळणाला गाडी वळायलाच तयार नसते, नाक सरळ बाहेर पळतं. आणि डाव्या वळणाला हीच गाडी इतकी उतावीळ की शेपूट सुटतं. अलाइनमेंट दोनदा झाली, टायर अदलून बदलून झाले. शेवटी अलाइनमेंटवाल्यानं ‘बॉडी वाकली असंल’ म्हणून हात झटकले.

बॉडी वाकलेली नसावी. तुमचा चौरंग डुगडुगतोय.

तिवई कुठेही ठेवा, तिन्ही पाय टेकतात. चौरंगाचं तसं नाही. पूजा मांडताना एक पाय हवेत राहतो आणि गुरुजी यायच्या आत घरातलं कुणीतरी त्याखाली कागदाची घडी सारतं. चौरंग डुगडुगतो तो कर्णावर. तिरक्या समोरचे दोन पाय सगळा भार घेतात, उरलेले दोन नावाला उभे. गाडीलाही चारच पाय, पण त्यांना स्प्रिंग असल्यामुळे ती डुगडुगत नाही. चारही चाकं छान टेकलेली दिसतात आणि आजार आत राहतो.

हे मला कळलं ते फुकट नाही. माझ्या गाडीचं पहिलं वजन मी भुईकाट्यावर केलं होतं. गळिताचा हंगाम, पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि मध्ये ही दारं सोललेली मारुती. काट्यावरच्या पोरानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, “मोकळी का भरलेली?” पावती निघाली ६०० किलोची, मी आत बसलेला धरून. आकडा बघून दोन दिवस हवेत होतो. पण तो काटा १० किलोच्या पटीत बोलतो. उसाला ते चालतं (चालतं का, हे शेतकऱ्याला विचारा), आपल्याला चालत नाही. शिवाय तो एकूण वजन सांगतो. कुठल्या चाकावर किती, ते नाही.

त्यासाठी घरचा वजनकाटा. तो झेपतो १५० किलोपर्यंत आणि पुढच्या एकेका चाकावर दोनशेच्या आसपास भार येतो. म्हणून तरफ. जाड सागवानी फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये बरोबर ९० सेंटिमीटर. चाक विटेपासून ३० सेंटिमीटरवर आलं की काट्यावर एक तृतीयांश भार दिसतो, त्याला तिनानं गुणायचं. रिकाम्या फळीचा आकडा आधी वजा करा. चाक नुसतं अंदाजानं ठेवू नका. फळीवर ३० च्या खुणेवर १२ मिलिमीटरची सळई आडवी, तिच्यावर लोखंडी पट्टी, पट्टीवर चाक. मी सुरुवातीला सळई ठेवली नव्हती. चाक एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की पुढच्या चाकाला साडेसहा किलोची चूक होते, आणि आपण शोधतोय ती चूकच दहा-पंधरा किलोची.

काटा एकच पुरतो. चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या फळ्या लावायच्या, काट्याच्या जागी तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे, आणि काटा फिरवत न्यायचा. माझा काटा वहिनीचा आहे.

जमीन मात्र सपाट हवी, आणि इथेच बहुतेकांचं फसतं. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला ढाळ दिलेला असतो. गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा. चार फळ्यांवर पाण्याची रेघ एकच येईपर्यंत शहाबादीचे तुकडे, प्लाय, शेवटी पत्त्यांचे पत्तेसुद्धा सारा. एका कोपऱ्यात ३ मिलिमीटर कमी पडले तरी माझ्या स्प्रिंगवर प्रत्येक चाकाचा आकडा ३ किलोनं हलतो. जॅकवरून उतरवल्यावर टायर आत आखडून बसतात आणि गाडी उंच राहते, म्हणून पट्टीवर ग्रीस लावलेले दोन पत्रे एकमेकांवर ठेवा. मग चाक आपसूक सरकून बसतं.

आता माझे आकडे, मी सीटवर, टाकीत १० लिटर. पुढे डावं १९६, उजवं १८०. मागे डावं ९३, उजवं १३१. बेरीज ६००. कर्णावर मिळवून बघा. पुढचं डावं अधिक मागचं उजवं ३२७, दुसरा कर्ण २७३. चोपन्न किलोचा फरक, आणि नजरेला गाडी सरळ.

उजवीकडे वळलं की भार डावीकडे जातो. पुढचं डावं चाक आधीच १९६ वर, त्यावर आणखी. टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. त्यामुळे पुढचा टायर आधी हरतो आणि नाक बाहेर. डावीकडे वळताना बाहेरची बाजू उजवी. तिथे पुढच्या चाकाला अजून वाव आहे, पण मागचं १३१ वाहतंय, म्हणून शेपूट आधी सुटतं. पत्रातलं दुखणं हेच. आणि सरळ रेषेत ब्रेक दाबला की हलकं असलेलं पुढचं उजवं चाक आधी घासत जायचं. मी महिनाभर त्या बाजूचा कॅलिपर खोलून पुसत बसलो होतो. म्हणजे आजचा विषय ब्रेकचाच आहे, म्हणा.

इलाज कागदाच्या घडीचाच. पुढच्या उजव्या स्प्रिंगची वाटी ४ मिलिमीटर वर, डावी ४ खाली, आणि मागच्या डाव्या स्प्रिंगखाली ८ मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं कडं. ते कडं उद्यमनगरातल्या लेथवर चहा संपायच्या आत निघालं. नवे आकडे : पुढे १८१ आणि १९५, मागे १०८ आणि ११६. कर्ण २९७ आणि ३०३. इथे थांबलो.

नीट बघा, पुढच्या दोन चाकांची बेरीज आधीही ३७६ आणि नंतरही ३७६. डाव्या बाजूची २८९ तशीच, उजवीची ३११ तशीच. स्प्रिंग कितीही पिळा, भार कर्णावरून कर्णावर जातो, एवढंच. उजवीकडचे ते २२ किलो जास्त आहेत ते माझ्यामुळे, आणि ते घालवायचे तर काहीतरी उचलून डावीकडे ठेवावं लागेल. माझी बॅटरी आता मागे डाव्या कोपऱ्यात जाणार आहे. कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी आठशेचंच इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती ही एकआसनी गाडी उभी केली. तिच्यात ड्रायव्हर मधोमध बसतो, डाव्या-उजव्याचं हे भांडण बरंचसं मिटतं. आपल्याला ती सोय नाही.

‘अँटी-रोल बार एका बाजूनं सोडून मगच वजन करा’ असं पुस्तकांत लिहिलेलं सापडेल. आठशेला ते करू नका. तिच्यात तोच बार खालच्या आर्मला पुढेमागे धरून ठेवतो. सोडलात तर चाकच मागे सरकेल. त्याऐवजी बुशचे बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी राहू द्या, मग आवळा.

एवढा खटाटोप पूर्ण सामानाच्या गाडीला कुणी करत नाही, आणि बरोबर आहे. पाच माणसं, डिकीत सामान, मऊ स्प्रिंग, त्यात पंधरा किलो कुठल्या कुठे जातात. आपण शंभरेक किलो काढले, स्प्रिंग कडक केले, आणि उरलेल्या प्रत्येक किलोचा आवाज वाढवून ठेवला. केटरहॅमची सेव्हन १७० अवघी ४४० किलोची आहे, सुझुकीचंच ६६० सीसीचं तीन सिलिंडर इंजिन लावलेली. तिच्यात माझ्यासारखा ६८ किलोचा माणूस बसला की गाडीच्या वजनाच्या सातव्या हिश्शाहून जास्त भार एका सीटवर येतो.

तेव्हा इचलकरंजीकर, पुढचं पत्र पाठवाल तेव्हा चार चाकांचे चार आकडे पाठवा. स्वतः सीटवर बसा आणि आकडा दुसऱ्याला वाचायला सांगा. वाकून बघायला गेलात की आकडा बदलतो. टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिहा. मी पहिल्या खेपेला लिहिलं नव्हतं आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

ब्रेक पुढच्या शनिवारी. कॅलिपरचे रबर अजून आलेले नाहीत, ते आले तर.