चपळाई स्टॉपवॉचमध्ये मावत नाही

कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो तालमींच्या आश्रयाने. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही आजही तेथील संघांची नावे आहेत, आणि 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. शरीर कमवायचे ते तालमीत, हा जुना संस्कार. त्यामुळे मुलाची शारीरिक तयारी दंड, बैठका आणि मैदानाच्या फेऱ्या यांवरून जोखली जावी, यात नवल नाही. जेथे तालीम नाही अशा शाळांतही हिशेब बहुधा हाच असतो.

हा हिशेब खेळाला मात्र लागू पडत नाही. प्रौढ खेळाडू नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर अंतर तोडतो हे खरे. पण त्यातील बरेचसे चालण्यात आणि संथ धावण्यात जाते. वेगाची धाव दोन-चार सेकंदांची असते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील सामन्यांची पाहणी झाली तेव्हा एका खेळाडूची वळणे सरासरी सातशेहून अधिक भरली. म्हणजे धावण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व थांबण्याला आणि वळण्याला आहे. शिवाय ही वळणे आपल्या मर्जीने घ्यावयाची नसतात. समोरच्याचा खांदा कोणीकडे झुकला, हे पाहून पाय वळवावा लागतो. प्लास्टिकचे शंकू मांडून त्यांमधून नागमोडी धावणाऱ्या मुलाची वेळ स्टॉपवॉचवर उत्तम येते आणि सामन्यात तोच सहज फसतो, कारण शंकू कधी हूल देत नाही.

हूल ओळखण्याचे शिक्षण आपल्याकडे एके काळी फुकट मिळत असे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा खांब गाठल्याखेरीज बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र पूर्ण मोकळीक असते. त्या क्षणार्धाच्या अंदाजावरच त्याचे जगणे अवलंबून असते. लंगडीत एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्याला गाठायचे असते. आट्यापाट्यांत तर चकवण्यावाचून दुसरे काही नाही. या खेळांना गावंढळ ठरवून बाजूला सारायचे आणि मग शंकू व दोरीच्या शिड्या विकत आणायच्या, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही.

खरे नुकसान याहून पुढे, तेराव्या-चौदाव्या वर्षी होते. या वयात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. पाय आधी लांबतात, धड मागाहून वाढते, आणि कालपर्यंत चेंडूवर हुकमत असलेला मुलगा अचानक अडखळू लागतो. काहींच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला सूज येते, धावले की दुखते. प्रशिक्षकाला तो आळशी वाटतो. नेमकी हीच वेळ निवड चाचण्यांची. ज्याची वाढ वर्षभर आधी आटोपली तो धिप्पाड दिसतो आणि निवडला जातो. अडखळणारा घरी बसतो आणि बहुतेक वेळा परत येत नाही. ज्या भांडवलाचा परतावा चार वर्षांनी यावयाचा ते पहिल्याच वर्षी तोट्यात दिसले म्हणून मोडीत काढावे, तशातला हा प्रकार आहे.

उपाय महागडे असते तर हा विषय सरकारी अंदाजपत्रकावर ढकलून मोकळे होता आले असते. परंतु उडी, एका पायाचा तोल, नीट पडण्याचा सराव अशा वीसेक मिनिटांच्या व्यायामाची कसोटी स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक येथील तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांवर घेतली गेली, तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. त्याला चेंडूखेरीज फारसे साहित्य लागत नाही. महाराष्ट्रात चेंडूंचाही तुटवडा राहू नये. 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी योजना झाली आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. तुटवडा आहे तो तासाचा. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की तो बीजगणिताकडे जातो.

दुसरी गोष्ट तर याहून स्वस्त आहे. शाळेत वर्षारंभी प्रत्येक मुलाची उंची मोजून नोंदवली जाते. हीच मोजणी दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि ज्याची उंची झपाट्याने वाढते आहे त्याची चाचणी सहा महिने पुढे ढकलावी. त्यासाठी भिंतीवरची पट्टी पुरेशी आहे. ती नोंद कार्यालयाच्या कपाटातून क्रीडाशिक्षकाच्या हाती पोहोचावी, एवढेच करावयाचे आहे.