सरावाचे उड्डाण



२ एप्रिल २०२५ च्या रात्री जामनगरजवळ सुवरडा गावाच्या शिवारात हवाई दलाचे एक जग्वार विमान कोसळले. विमानात दोन वैमानिक होते. दोघांनीही बाहेर उडी घेतली, पण फ्लाइट लेफ्टनंट सिद्धार्थ यादव वाचू शकले नाहीत. दुसरे वैमानिक जखमी झाले. बातमीत शब्द होते 'सरावाचे उड्डाण'. शत्रू नाही, गोळीबार नाही, मग सराव करताना जीव कसा जातो, असा प्रश्न मुलांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आम्ही एका जुन्या घटनेतून देणार आहोत. ती घटना युद्धकाळातली आहे.

दुसऱ्या महायुद्धात करुण कृष्ण मजुमदार हे भारतीय हवाई दलातले फार नावाजलेले वैमानिक होते. सहकारी त्यांना 'जंबो' म्हणत. १९१३ साली कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला आणि इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण. फेब्रुवारी १९४२ मध्ये ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणून ब्रह्मदेशात होते. हाताशी होती ती लायसँडर विमाने. ही विमाने मुळात लष्कराला टेहळणीत साह्य करण्यासाठी बनवलेली, बाँब टाकण्यासाठी नव्हेत. त्यांनाच बाँब लावून मजुमदार जपान्यांच्या विमानतळावर गेले आणि हल्ला करून परत आले. त्यासाठी त्यांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळाला. पुढे १९४४ मध्ये युरोपातल्या लढाईत उतरता यावे म्हणून त्यांनी स्वतःचा हुद्दा खाली आणून घेतला! नॉर्मंडीच्या मोहिमेत शत्रूच्या डोक्यावरून टेहळणी केली आणि तेच पदक दुसऱ्यांदा मिळवले.

असा माणूस १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला गेला. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर हवाई प्रात्यक्षिकांच्या सरावात. वय अवघे ३१.

ते हरिकेन जातीचे विमान चालवत होते. सूर मारून वर येताना एका बाजूचे चाक खाली उघडले. एवढ्याशा गोष्टीने विमान का पडावे? हरिकेनची चाके उड्डाणानंतर पंखाच्या पोटात मिटतात. सूर मारून विमान वर खेचताना त्यातील प्रत्येक वस्तूचा भार कितीतरी पटीने वाढतो. पाळणा वेगाने खाली येऊन वर वळताना आपण बैठकीवर दाबले जातो, तसेच. चाकही तितकेच जड होते. चाक उघडले की त्या बाजूला वाऱ्याचा अडथळा वाढतो, विमान तिकडे वळू पाहते आणि वेग घटतो. आपल्या सुरतेच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. उत्तरायणात कन्नी, म्हणजे आपल्याकडचा किन्ना, एका बाजूला ओढला गेला की पतंग कसा गोता खातो हे सगळ्यांनी पाहिलेले असते.

वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पंखांना उचल मिळत नाही. वैमानिकांच्या भाषेत याला 'स्टॉल' म्हणतात. उपाय माहीत असतो. नाक खाली करायचे, वेग मिळवायचा आणि मग सावरायचे. परंतु तेवढ्यासाठी खाली मोकळी उंची लागते. तीन हजार फुटांवर झालेली चूक किंवा बिघाड सावरता येतो. तोच दोनशे फुटांवर झाला तर अनुभवी माणसालाही वेळ उरत नाही. प्रात्यक्षिके तर लोकांना दिसावीत म्हणून जमिनीजवळच करतात. जग्वारसारखी विमानेही रडारला चुकवण्यासाठी खालून जायला शिकतात. म्हणजे शत्रू असो वा नसो, धोका तोच. युद्धात हे खालचे उड्डाण ऐन वेळी जमावे म्हणूनच ते आधी घोटून घ्यावे लागते.

आणखी एक फरक पाहा. हरिकेनमध्ये बाहेर फेकणारी खुर्ची नव्हती. झाकण सरकवायचे, पट्टे सोडायचे, स्वतः उडी मारायची आणि मग हवाई छत्री उघडायची. जमिनीजवळ हे अशक्यच. जग्वारमध्ये तशी खुर्ची आहे. तरी ती केव्हा वापरायची हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि खाली वस्ती असेल तर तो क्षण लांबतो. जामनगरच्या विमानात तांत्रिक बिघाड झाला होता, आणि विमानतळाला व आसपासच्या वस्तीला धक्का लागू न देता वैमानिकांनी उडी घेतली, असे हवाई दलाने सांगितले.

शाळेतले काही विद्यार्थी दरवर्षी हवाई दलात जायचे म्हणतात. पालक घाबरतात, ते आम्हाला समजते. पण 'युद्ध नाही ना, मग काय भीती?' असे कोणी समजावू लागले, तर ते खरे नाही. मुलांनीही हे जाणूनच अर्ज भरावा.

मजुमदार गेल्यानंतर महिन्याभरातच, मार्च १९४५ मध्ये, युद्धातील कामगिरीबद्दल भारतीय हवाई दलाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. ती कामगिरी करणाऱ्यांत ते आघाडीवर होते.