प्रत्येक जळजळ पित्ताची नसते

बरगड्यांच्या खाली आणि बेंबीच्या वर जो खळगा असतो, तिथल्या जळजळीला मराठी घरांत एकच नाव आहे: पित्त. खरे पित्त यकृतात तयार होते आणि कडू असते. आंबट ढेकर येतात ते जठरातल्या आम्लाचे. जठराच्या आतला बुळबुळीत थर या आम्लाला थोपवतो. तो थर कमजोर पडला की अस्तर सुजते आणि झीज खोल गेली की व्रण, म्हणजे अल्सर होतो. आम्ल अन्ननलिकेत चढले, तर जळजळ छातीपर्यंत जाते. जेवून लगेच आडवे झाल्यावर ती हमखास वाढते.

अल्सरचे खापर कित्येक वर्षे तिखटावर आणि काळजीवर फुटत असे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातल्या ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूकडे बोट दाखवले, तेव्हा फारसे कुणी मानेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू सापडल्यास प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध साधारण १४ दिवस घ्यावे लागते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर जंतू टिकून राहतो.

दुसरे मोठे कारण घरातल्या औषधांच्या डब्यातच असते. गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रक्तात मिसळल्यावर जठराचे संरक्षण करणारी रसायने कमी करते. म्हणूनच गोळी जेवणानंतर घेतली, किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतले, तरी धोका पुरता टळत नाही.

ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी औषधे नाश्त्याआधी अर्धा तास घेतली तरच नीट लागू पडतात. बरेच जण ती जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि गुण नाही म्हणून डॉक्टर बदलतात. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण नंतर आम्ल पुन्हा वाढू शकते. तंबाखू आणि दारू सोडणे, रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. अनेकांच्या तपासणीत काहीच सापडत नाही. तरी त्यांचे दुखणे खोटे नसते. अशा वेळी जठराची संवेदनशीलता वाढलेली असू शकते.

पित्ताशयातले खडे आणि स्वादुपिंडाची सूज यांचे दुखणेही याच जागी उठते. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. रक्त पडत असेल तर त्याच दिवशी.

हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पित्ताचे सोंग घेऊन येतो. जळजळीबरोबर दरदरून घाम, धाप, किंवा जबड्यात अथवा हातात कळ असेल, तर सोडा पीत वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा.