झमझमा : शस्त्र आणि विजयचिन्ह

लाहोरच्या वस्तुसंग्रहालयासमोर उभी असलेली झमझमा तोफ अहमदशहा अब्दालीचा वजीर शहावलीखान याच्या आज्ञेने शहानजीर याने तांबे व पितळ यांपासून ओतली. तिची लांबी १४ फुटांहून किंचित अधिक असून तोंडाचा व्यास साडेनऊ इंच आहे. १७६१ मध्ये पानिपतावर ती मराठ्यांविरुद्ध वापरली गेली. पुढील वर्षी हरिसिंग भंगी याने ती हस्तगत केली, म्हणून ‘भंग्यांची तोफ’ हे नाव रूढ झाले. १८०२ मध्ये अमृतसर जिंकताना रणजितसिंगाने ती मिळविली. १८१८ च्या मुलतानच्या वेढ्यात तिची मोठी हानी झाली.

येथे शस्त्राचे कार्य संपले. चिन्हाचे मात्र संपले नाही. तिचा ताबा हीच पंजाबवरील सत्तेची खूण मानली जाऊ लागली. १८७० मध्ये इंग्रजांनी ती नव्या जागी मांडली, तीही याच भावनेने. किपलिंगच्या १९०१ च्या ‘किम’ कादंबरीचा आरंभ याच तोफेपाशी होतो.

तेव्हा अभ्यासकाने दोन पुरावे वेगळे ठेवावयास हवेत : तोफेचे ओतकाम व तीवरील फार्सी लेख अब्दालीच्या काळाची साक्ष देतात, तिची मांडणी मात्र पानिपताविषयी नव्हे, तर मांडणाऱ्या सत्तेविषयीच बोलते.