आठ दोर, चाळीस हजार क्रम

इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट नावाचे जुने पॅरिश चर्च आहे. 2 मे 1715 रोजी त्याच्या मनोऱ्यात काही माणसे दोर धरून उभी राहिली आणि त्यांनी सात घंटांचे 5,040 क्रम वाजवले. एकही क्रम दुसऱ्यांदा आला नाही. वेळ लागला 3 तास 18 मिनिटे.

या घंटांवर गाण्याची चाल वाजवत नाहीत. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेते आणि तोंड आकाशाकडे करून क्षणभर तोलावर थांबते. इतके वजन हवे तेव्हा हवे तसे वळवता येत नाही. जरा थोपवता येते किंवा जरा लवकर सोडता येते. म्हणून प्रत्येक फेरीत एक घंटा एकदाच वाजते आणि पुढच्या फेरीत फार तर एक जागा मागेपुढे सरकते. 1-2-3-4 नंतर 2-1-4-3. समोर कागद नसतो, सगळे तोंडपाठ.

आता गुणाकार पाहा. तीन घंटांचे क्रम 6, चारांचे 24, पाचांचे 120, सहांचे 720, सातांचे 5,040. आठवी घंटा आली की 40,320! पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात आठच घंटा आहेत. त्यांच्या पोटातही एवढेच क्रम दडले आहेत. केंटमधल्या लीड्स गावात 1761 मध्ये हे सारे क्रम आळीपाळीने वाजवायला 27 तास लागले. पुढे 27 आणि 28 जुलै 1963 ला लफबरोच्या घंटा-कारखान्यातल्या मनोऱ्यात आठ जणांनी माणूस न बदलता ते 17 तास 58 मिनिटांत पुरे केले. अठरा तास विश्रांती नाही, झोप नाही, आणि चूकही नाही.

दहा घंटांचे क्रम 36,28,800. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. शंभूच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची किती प्रकारे अदलाबदल होईल, असे भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त विचारले, त्याचे उत्तर हेच.

मॅनक्रॉफ्टमध्ये 1775 साली बारा घंटा झाल्या. त्यांचे क्रम 47 कोटी 90 लाख 1 हजार 600. लफबरोच्या वेगाने रात्रंदिवस वाजवले तरी 24 वर्षे पुरणार नाहीत. बर्मिंगहॅमच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये तर सोळा घंटा आहेत: सुमारे 20 लाख 92 हजार कोटी क्रम, म्हणजे दहा लाखांहून अधिक वर्षांचे वादन. माणसाची जात अजून तेवढी जुनी नाही.

त्या मनोऱ्यात दोर हाती घेणाऱ्याला मात्र एवढेच सांभाळायचे असते: आपली घंटा, आणि आपल्या आधी कोण वाजणार.