जुन्या धाटणीच्या मनगटी घड्याळाची घरगुती बांधणी

जुन्या धाटणीच्या मनगटी घड्याळाची घरगुती बांधणी हा एक हस्तकौशल्याचा छंद आहे. यंत्र, केस, तबकडी, काटे, काच आणि पट्टा हे भाग स्वतः निवडून, आवश्यक तेथे त्यांवर हाताने काम करून, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा मध्यातील घड्याळांच्या वळणाचे नवे घड्याळ जुळवणे, असे त्याचे स्वरूप आहे. हा छंद घड्याळनिर्मितीहून वेगळा होय. इंग्लंडमधील जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) यांच्यासारखा कारागीर चाके, दांडे आणि केसही स्वतः घडवीत असे. हौशी बांधणीकार मात्र कारखान्यात तयार झालेले यंत्र घेऊन त्याला बाह्यरूप देतो. जुने घड्याळ मूळ स्थितीत आणण्याच्या कामाहूनही हा छंद भिन्न आहे, कारण येथे तयार होणारी वस्तू नवी असते.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या गरजेमुळे मनगटी घड्याळाचा प्रसार झाला. मनगटी घड्याळे रूढ झाल्यावर खिशातील घड्याळांची यंत्रे मनगटी केसमध्ये बसवण्याची प्रथाही पडली. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र आणून केलेल्या अशा जोडणीला संग्राहक ‘मॅरेज’ म्हणतात. भारतात हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजेच एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही तिची चावीची घड्याळे घरोघरी पोहोचली. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केला. आज तिची जुनी घड्याळे संग्राहकांच्या आवडीचा विषय आहेत.

यंत्राची निवड

बांधणीत सर्वप्रथम यंत्र निवडले जाते, कारण उरलेल्या सर्व भागांची मापे त्यावरून ठरतात. नवशिक्यांमध्ये दोन यंत्रे विशेष प्रचलित आहेत. युनिटास ६४९७ हे मुळात खिशातील घड्याळासाठी तयार झालेले स्विस यंत्र असून त्याला रोज चावी द्यावी लागते. त्याचा व्यास ३६.६ मिलिमीटर आणि जाडी ४.५ मिलिमीटर आहे. त्याचे भाग मोठे असल्याने हाताळणे सोपे जाते. चीनमधील सीगल कंपनीचे एसटी ३६ हे यंत्र याच आराखड्यावर आधारलेले आहे. दुसरे, सेको समूहाचे एनएच ३५ हे स्वयंचलित यंत्र २७.४ मिलिमीटर व्यासाचे आणि ५.३२ मिलिमीटर जाडीचे आहे.

ही दोन्ही यंत्रे सोयीची असली तरी प्रत्येक यंत्र जुन्या धाटणीला एका बाजूने बाध आणते. १९५० च्या दशकातील पुरुषांची घड्याळे बहुधा ३३ ते ३६ मिलिमीटर व्यासाची आणि पातळ असत. युनिटासमुळे केस त्याहून बरीच रुंद करावी लागते, तर एनएच ३५ मुळे ती जाड होते. म्हणून अनुभवी बांधणीकार यंत्राला शोभेल असाच काळ निवडतात. युनिटासवर पहिल्या महायुद्धाच्या काळातील मोठ्या आकड्यांची तबकडी चांगली दिसते. नाजूक पोशाखी घड्याळाचे रूप त्याला मानवत नाही.

तबकडी आणि काटे

तबकडी सहसा पितळेची असते आणि तिच्या पाठीवरील दोन बारीक खुंट यंत्राच्या छिद्रांत बसतात. घरी आकडे उमटवण्यासाठी पाण्याने सुटणारे छापील पापुद्रे वापरतात व त्यावर पारदर्शक लाखेचा थर देतात.

काट्यांची छिद्रे यंत्राच्या दांड्यांशी तंतोतंत जुळावी लागतात. युनिटास ६४९७ साठी तासकाट्याचे छिद्र २.०० आणि मिनिटकाट्याचे १.१५ मिलिमीटर असते. जुन्या घड्याळांतील निळे काटे रंगवलेले नसून तापवलेले असत. स्वच्छ, चकचकीत केलेला पोलादी काटा पितळेच्या किसावर ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर तापवला, की तो आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा होतो. पृष्ठभागावर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे हे रंग दिसतात. थर आणखी वाढला की निळा रंग फिका पडून राखाडी होतो, त्यामुळे नेमक्या क्षणी काटा आचेवरून काढणे हे यातील खरे कौशल्य आहे. बोटाचा तेलकट ठसा राहिल्यास रंग डागाळतो.

जुळवणी आणि नियमन

जुळवणीसाठी भिंग, बारीक चिमटा, लहान पेचकस, यंत्रधारक, काटे बसवण्याचे दाबयंत्र, रबरी बोटमोजे आणि हवेचा फुगा ही साधने पुरेशी होतात. तबकडी बसवल्यावर तिन्ही काटे बारावर जुळवतात आणि ते परस्परांना किंवा काचेला घासत नाहीत, हे त्यांना पूर्ण फेरा देऊन तपासतात. चावीचा दांडा एकदम न कापता थोडाथोडा कापून कानशीने घासतात. अधिक कापला गेलेला दांडा पुन्हा वाढवता येत नाही.

ताशी १८,००० ठोके देणारे यंत्र सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देते. दिवसाला १० सेकंदांची चूक ही त्यांपैकी केवळ ५० ठोक्यांची असते. टाइमग्राफर नावाचे उपकरण ठोक्यांचा आवाज ऐकून हा फरक दाखवते. नियामक दांडी किंचित सरकवली की हेअरस्प्रिंगची कार्यकारी लांबी बदलते. ती कमी झाली की घड्याळ पुढे जाते, वाढली की मागे पडते.

रेडियमचा धोका

मराठी बोलीत चमकणाऱ्या कोणत्याही रंगाला ‘रेडियम’ म्हणतात. जुन्या घड्याळांत मात्र १९६० च्या दशकापर्यंत खरोखरच रेडियमयुक्त रंग वापरला जात असे. अमेरिकेतील कारखान्यांत कुंचला ओठांनी टोकदार करून असा रंग भरणाऱ्या अनेक कामगार स्त्रिया जबड्याच्या व हाडांच्या विकारांनी दगावल्या. रेडियम-२२६ चा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. रंगातील चमकणारे द्रव्य निकामी झाल्यावर तबकडी अंधारात दिसेनाशी होते, परंतु तिचा किरणोत्सार तसाच राहतो. म्हणून अशी तबकडी किंवा काटे घरी खरवडणे वा घासणे टाळावे. उडालेली धूळ श्वासावाटे शरीरात जाते. नव्या बांधणीत किरणोत्सारी नसलेले रंग वापरले जातात.

अनुकृती आणि बनावट

या छंदातील मुख्य वाद प्रामाणिकपणाचा आहे. जुन्या शैलीचे अनुकरण करणे आणि नवी वस्तू जुनी म्हणून खपवणे यांत फरक आहे. भारतात जुन्या यंत्रांवर नव्याने रंगवलेल्या, बहुधा भडक तबकड्या बसवून अस्सल म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांना आंतरराष्ट्रीय संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तबकडी पुन्हा रंगवणे ही एके काळी दुरुस्तीतील सर्वसामान्य सेवा होती. दोष आहे तो माहिती लपवण्यात. आपल्या तबकडीवर दुसऱ्या कंपनीचे नाव छापून घड्याळ विकणे हा व्यापारचिन्हाचा भंगही ठरतो.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूंच्या नाशाविषयी आहे. केवळ तबकडीसाठी वा यंत्रासाठी चालू स्थितीतील जुने घड्याळ मोडले, तर एक नवे घड्याळ तयार होते आणि एक अस्सल कायमचे नाहीसे होते. त्यामुळे नवे भाग, किंवा आधीच निकामी झालेल्या घड्याळांतील सुटे भाग वापरणे इष्ट मानले जाते.

दुरुस्तीची खूण केसच्या झाकणाच्या आतील बाजूस बारीक कोरून ठेवण्याची घड्याळजींची जुनी रीत आहे. हौशी बांधणीकारालाही तेथे आपले नाव, बांधणीचे वर्ष आणि यंत्राचा प्रकार कोरता येतो. घड्याळ पुढे कोणाच्याही हाती गेले, तरी ते उघडणाऱ्याला त्याची खरी ओळख पटते.